राउटरवरून वेब वाहतूक कॅशेकडे वळवताना: पत्ता न बदलता वाट बदलण्याची कृती

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका प्रशिक्षण संस्थेची ४० संगणकांची लॅब मी सांभाळतो. सकाळच्या बॅचला सगळी यंत्रे एकदम सुरू झाली की प्रत्येक यंत्र तीच पॅकेजे आणि तेच अपडेट बाहेरून स्वतंत्रपणे ओढू लागते. ३०० एमबीचे एक अपडेट चाळीस वेळा उतरले म्हणजे १२ जीबी झाले, आणि ५० एमबीपीएसच्या लाइनवर इतर काहीही न करता त्याला निदान ३२ मिनिटे लागतात. तेच अपडेट एकदा उतरवून लॅबमध्येच साठवले आणि बाकीच्या ३९ यंत्रांना तिथून दिले, तर बाहेरची लाइन जेमतेम ४८ सेकंद अडते. हे साठवण्याचे काम कॅशे सर्व्हर करतो. प्रत्येक संगणकावर जाऊन प्रॉक्सीचा, म्हणजे मधे बसणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता न भरता ही वाहतूक राउटरनेच त्याच्याकडे कशी वळवावी, ते या लेखात सांगतो. उदाहरणासाठी मायक्रोटिक राउटर, त्याच्या राउटरओएस या प्रणालीची ७ वी आवृत्ती आणि उबुंटू लिनक्सवर चालणारा स्क्विड हा कॅशे सर्व्हरचा प्रोग्राम घेतला आहे. सिस्कोचा राउटर असणाऱ्यांसाठी वेगळा भाग पुढे आहे. आज्ञा आणि पर्यायांची नावे वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. यंत्रावर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करावी लागतात.

आधी मोजावे

कामाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की असावी. कॅशेला फक्त उघडी एचटीटीपी वाहतूक, म्हणजे पोर्ट ८० वरची (पोर्ट म्हणजे इथे वाहतुकीचा प्रकार ओळखण्याचा क्रमांक), वाचता आणि साठवता येते. पोर्ट ४४३ वरची एचटीटीपीएस वाहतूक कूटबद्ध असते. ती उघडून साठवायची तर प्रत्येक यंत्रावर आपले स्वतःचे प्रमाणपत्र बसवून मधे बसावे लागते, आणि विद्यार्थ्यांचे बँकेचे व ईमेलचे पासवर्ड ज्या वाटेने जातात त्या वाटेवर असे बसणे मला मुळीच मान्य नाही. आज बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएसवर गेली आहेत, त्यामुळे या उपायाने सर्वसाधारण ब्राउझिंग वेगवान होईल अशी अपेक्षा ठेवू नये. फायदा होतो तो मुख्यतः लिनक्सच्या पॅकेज भांडारांचा आणि विंडोज अपडेटच्या फाइलींचा. त्यांचा मोठा भाग आजही साध्या एचटीटीपीने येतो, कारण फाइल खरी की खोटी हे तिच्यावरच्या डिजिटल स्वाक्षरीवरून तपासले जाते आणि त्यासाठी वाट कूटबद्ध असण्याची गरज पडत नाही.

म्हणून राउटरच्या फायरवॉलमध्ये, फॉरवर्ड साखळीच्या (राउटरमधून आरपार जाणाऱ्या वाहतुकीच्या नियमांच्या यादीच्या) अगदी वरती, लॅबकडे परत येणाऱ्या वाहतुकीसाठी ‘पासथ्रू’ कृतीचे दोन नियम करावेत, एक स्रोत पोर्ट ८० साठी आणि दुसरा ४४३ साठी. हे नियम काहीही अडवत नाहीत, केवळ बाइट मोजतात. मोजणीपुरता फास्टट्रॅकचा नियम (तो चालू जोडण्यांना बहुतेक नियमांना वळसा घालून पुढे काढतो) बंद ठेवावा, नाहीतर आकडे फार कमी दिसतात. दोन-तीन दिवसांनी पोर्ट ८० चा आकडा नगण्य निघाला, तर पुढचे सारे सोडून द्यावे. लॅब निव्वळ विंडोजची असेल तर विंडोजमधील ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ ही सोय स्थानिक नेटवर्कपुरती सुरू केल्यानेच बहुधा काम भागते, कारण तीत यंत्रे आपसात अपडेटचे तुकडे वाटून घेतात. आमच्या लॅबमध्ये निम्म्या यंत्रांवर उबुंटू आहे, म्हणून आम्हाला कॅशे परवडला.

राउटरने नेमके काय करायचे

माझी पहिली चूक इथेच झाली आणि अनेकांची इथेच होते. पोर्ट ८० वरचे प्रत्येक पॅकेट, म्हणजे वाहतुकीचा प्रत्येक छोटा तुकडा, कॅशेकडे पाठवायचे म्हटल्यावर हात सहज ‘डीएसटी-नॅट’कडे जातो, म्हणजे राउटरवरच पॅकेटवरचा गंतव्य पत्ता पुसून त्या जागी कॅशेचा पत्ता लिहिला जातो. मी तसे केले आणि लॅबमधल्या चाळीसही पडद्यांवर स्क्विडचे ‘ॲक्सेस डिनाइड’ झळकले. कारण सरळ आहे. पॅकेट मुळात कुठे निघाले होते हे स्क्विड आपल्या स्वतःच्या यंत्रातील नॅटच्या, म्हणजे पत्ते बदलल्याच्या नोंदींच्या, तक्त्यातून शोधतो. पत्ता दुसऱ्याच यंत्राने, म्हणजे राउटरने, बदललेला असेल तर ती नोंद इथे सापडतच नाही. मग त्याला वाटते की पॅकेट आपल्यासाठीच आले आहे, तो स्वतःकडेच मागणी करू लागतो, आणि हा फेरा ओळखून शेवटी ती नाकारतो.

उसाला पाणी पाजताना दारे धरणारा माणूस पाण्यात काही मिसळत नाही. तो एका सरीचे तोंड बंद करून दुसरीचे उघडतो, एवढेच. राउटरनेही तेवढेच करायचे आहे. पॅकेटवरचा पत्ता जसाच्या तसा राहू द्यावा, फक्त त्याचा पुढचा थांबा बाहेरच्या लाइनऐवजी कॅशेचे यंत्र हा करावा. पत्त्यात जो बदल करायचा तो कॅशेच्या यंत्रावरच, त्याच्या स्वतःच्या फायरवॉलमध्ये करावा. या पद्धतीला पॉलिसी राउटिंग म्हणतात.

जोडणी

कॅशेचे यंत्र लॅबच्याच स्विचला न जोडता राउटरच्या स्वतंत्र पोर्टवर (इथे पोर्ट म्हणजे केबल लावायची जागा), वेगळ्या नेटवर्कमध्ये ठेवावे. आमच्याकडे लॅबचे नेटवर्क १९२.१६८.१०.०/२४ आहे आणि कॅशेचे १९२.१६८.२०.०/२४. त्यात राउटरचा पत्ता शेवटी १ चा आणि कॅशेचा २ चा. कॅशे वेगळ्या पोर्टवर असला की ‘लॅबकडून आलेले’ आणि ‘कॅशेकडून आलेले’ हा भेद राउटरला येणाऱ्या पोर्टवरूनच कळतो, आणि कॅशेने स्वतः बाहेर केलेली मागणी पुन्हा कॅशेकडेच वळण्याचा धोका उरत नाही. मायक्रोटिकच्या कारखान्यातून आलेल्या मांडणीत २ पासून पुढचे पोर्ट एकाच ब्रिजमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या गटात, असतात. कॅशेसाठी ठरवलेला पोर्ट, समजा ५ वा, आधी ब्रिजमधून काढावा, त्याला पत्ता द्यावा आणि ‘लॅन’ या आतल्या नेटवर्कच्या इंटरफेस यादीत घालावा. नाहीतर मूळ फायरवॉल कॅशेला राउटरच्या डीएनएसपर्यंतही (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या सेवेपर्यंतही) पोहोचू देत नाही.

बाहेर जाणाऱ्या वाहतुकीचा मास्करेडचा नियम (पॅकेटवर स्रोत म्हणून राउटरचा पत्ता लावणारा) फक्त ‘वॅन’, म्हणजे बाहेरच्या लाइनच्या, यादीपुरताच आहे ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे. तो सगळ्या पोर्टांना लागू असेल तर कॅशेकडे जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर राउटरचाच पत्ता लागतो आणि कोणते यंत्र काय उतरवते हे लॉगमध्ये दिसत नाही. राउटरच्या आयपी सेटिंगमधील आरपी-फिल्टर (पॅकेट त्याच्या स्रोत पत्त्याला साजेशा पोर्टवरून आले का ते पाहणारी तपासणी) ‘स्ट्रिक्ट’ नसावा, कारण कॅशेच्या पोर्टवरून येणाऱ्या उत्तरांवर स्रोत म्हणून दूरच्या संकेतस्थळाचा पत्ता असतो आणि कडक तपासणीत ती पॅकेटे बाद होतात.

कॅशेचे यंत्र

यासाठी भारी यंत्र लागत नाही. आम्ही लॅबमधून काढलेला, ८ जीबी रॅमचा एक जुना संगणक वापरला आणि त्यात ५०० जीबीची नवी एसएसडी घातली. डिस्कवरच्या प्रत्येक १ जीबी साठ्यामागे स्क्विडला त्याच्या सूचीसाठी साधारण १४ एमबी रॅम लागते असा अंदाज धरला जातो. १०० जीबी साठ्याला त्यामुळे सुमारे १.४ जीबी रॅम बाजूला ठेवावी लागते.

स्क्विडच्या मांडणीच्या फाइलीत दोन पोर्ट हवेत. ३१२८ हा नेहमीचा प्रॉक्सी पोर्ट ठेवावाच, कारण स्क्विडला असा एक तरी साधा पोर्ट लागतो. आणि ३१२९ या दुसऱ्या पोर्टपुढे ‘इंटरसेप्ट’ हा शब्द लिहावा. ३.१ च्या आधीच्या आवृत्त्यांत याच कामासाठी ‘ट्रान्सपरंट’ असे लिहीत, म्हणून जुने लेख वाचून काम करणाऱ्यांचा इथे गोंधळ होतो. लॅबच्या नेटवर्कला परवानगी देणारी ओळ ‘सर्वांना नकार’ या शेवटच्या ओळीच्या वर असावी. वळवून आणलेल्या वाहतुकीत वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड विचारता येत नाही, कारण ब्राउझरला आपण प्रॉक्सीशी बोलत आहोत हेच ठाऊक नसते. तशी गरज असेल तर ही पद्धत तुमच्यासाठी नाही.

साठवायच्या सर्वांत मोठ्या फाइलीची मर्यादा स्क्विडमध्ये मुळात ४ एमबी असते. तीच राहिली तर मोठी अपडेट कधीच साठत नाहीत आणि कॅशे चालू असूनही उपयोग शून्य होतो. ती २ जीबी करावी, आणि ही ओळ साठ्याची जागा सांगणाऱ्या ‘कॅशे-डिर’च्या ओळीच्या आधी लिहावी. डेब फाइलींच्या, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज फाइलींच्या, नावातच आवृत्ती असल्याने त्या बदलत नाहीत. त्यांच्यासाठी, साठवलेली फाइल किती काळ ताजी मानायची ते ठरवणाऱ्या ‘रिफ्रेश-पॅटर्न’मध्ये १,२९,६०० मिनिटे, म्हणजे ९० दिवस, खुशाल लिहावे. भांडाराच्या सूचीच्या फाइली, म्हणजे ‘रिलीज’ आणि ‘पॅकेजेस’, यांना मात्र शून्य द्यावे, नाहीतर जुनी सूची आणि नवी स्वाक्षरी यांचा मेळ बसत नाही आणि पॅकेज बसवणे अडते. सर्व यंत्रांवर एकाच भांडाराचा पत्ता असावा, कारण पत्ता वेगळा असला की कॅशेच्या लेखी फाइलही वेगळी ठरते.

विंडोज अपडेट फाइली तुकड्यातुकड्यांनी मागते आणि असे तुकडे स्क्विड साठवत नाही. ‘रेंज-ऑफसेट-लिमिट’ ही मर्यादा काढली की तो एका तुकड्याच्या मागणीवरही पूर्ण फाइल उतरवतो. ही सवलत केवळ विंडोज अपडेटच्या पत्त्यांपुरतीच द्यावी. सरसकट दिली तर कोणी एखाद्या मोठ्या व्हिडिओच्या मधलाच भाग मागितला तरी अख्खी फाइल बाहेरून येऊ लागते, आणि लाइन वाचवायला बसवलेला कॅशेच ती खातो.

यानंतर लिनक्सच्या बाजूची तीन कामे. आयपी फॉरवर्डिंग, म्हणजे दुसऱ्यासाठीची पॅकेटे पुढे पाठवण्याची सोय, सुरू करावे. आयपी-टेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलच्या नॅट तक्त्यातील प्रीराउटिंग साखळीत (पॅकेटाची वाट ठरण्याआधीच्या नियमांत), लॅबच्या नेटवर्ककडून पोर्ट ८० साठी आलेली टीसीपी वाहतूक ‘रीडायरेक्ट’ने ३१२९ कडे वळवावी. तिसरे काम विसरले जाते: मँगल (पॅकेटांवर खुणा किंवा बदल करणाऱ्या) तक्त्यातील प्रीराउटिंग साखळीत ३१२९ कडे थेट येणारी पॅकेटे टाकून द्यावीत. मँगल तक्ता नॅटच्या आधी वाचला जातो, त्यामुळे पोर्ट ८० चा पत्ता घेऊन आलेल्या खऱ्या पॅकेटांना या नियमाची झळ लागत नाही. अडते ते फक्त त्या पोर्टवर परस्पर धडकणारे कोणी. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर हे नियम टिकावेत म्हणून ‘आयपीटेबल्स-पर्सिस्टंट’ हे पॅकेज बसवून ते जतन करावेत. शेवटी ‘स्क्विड -के पार्स’ने फाइल तपासावी आणि ‘स्क्विड -झेड’ने साठ्याच्या निर्देशिका तयार करून सेवा सुरू करावी.

डीएनएसची एक अट इथेच पाळायची आहे. ३.२ पासूनचा स्क्विड वळवून आलेल्या प्रत्येक मागणीतील संकेतस्थळाचे नाव स्वतः डीएनएसला विचारतो आणि यंत्राने गाठू पाहिलेला पत्ता त्या उत्तरात आहे का हे पडताळतो. २००९ मध्ये उघड झालेल्या एका सुरक्षा-दोषामुळे ही पडताळणी आली आणि ती बंद करण्याच्या भानगडीत पडू नये. मात्र लॅबमधली यंत्रे एका डीएनएसला विचारत असतील आणि स्क्विड दुसऱ्याला, तर मोठ्या संकेतस्थळांचे पत्ते दोघांना वेगवेगळे मिळतात. मग कॅशेच्या लॉगमध्ये ‘होस्ट हेडर फोर्जरी’चे इशारे साचतात आणि त्या मागण्या पुढे जातात खऱ्या, पण साठवल्या जात नाहीत. दोन्हीकडे राउटरचाच डीएनएस द्यावा, म्हणजे दोघांना एकाच साठ्यातून उत्तर मिळते.

राउटरवरचे नियम

विनबॉक्स या मायक्रोटिकच्या मांडणीच्या प्रोग्राममधून राउटिंग, टेबल्स येथे जाऊन एक नवा तक्ता करावा आणि ‘एफआयबी’ची खूण लावावी. नंतर आयपी, राउट्स येथे ०.०.०.०/० हा मार्ग १९२.१६८.२०.२ या गेटवेने त्याच नव्या तक्त्यात घालावा आणि ‘चेक गेटवे’ला ‘पिंग’ निवडावे. राउटर दर १० सेकंदांनी कॅशेला पिंग करतो, म्हणजे तो जागा आहे का हे विचारतो. सलग दोनदा उत्तर आले नाही तर हा मार्ग निष्क्रिय होतो आणि वाहतूक मुख्य तक्त्याने नेहमीच्या लाइनवरून जाऊ लागते.

आता फायरवॉलच्या मँगल भागात, प्रीराउटिंग साखळीत दोन नियम. पहिल्यात येणारा इंटरफेस लॅबचा ब्रिज, टीसीपी, गंतव्य पोर्ट ८०, जोडणी नवी, आणि गंतव्य पत्ता १९२.१६८.०.०/१६ च्या बाहेरचा, अशा अटी घालून जोडणीवर खूण करावी. पत्त्याची अट वगळली तर राउटरचे स्वतःचे पान आणि संस्थेतील अंतर्गत सर्व्हरही कॅशेकडे वळतात. दुसऱ्या नियमात तोच येणारा इंटरफेस आणि ती खूण असलेल्या पॅकेटांना नव्या तक्त्याची राउटिंग खूण द्यावी. इंटरफेसची अट दोन्हीकडे आवश्यक आहे. सुरुवातीला पहिल्या नियमात स्रोत पत्ता म्हणून एकाच यंत्राचा पत्ता घालावा आणि त्या एका यंत्रावर सारे नीट चालल्यावरच तो काढावा.

यानंतर माझा एक अख्खा दिवस गेला ते कारण सांगतो, कारण ते कोणत्याच लॉगमध्ये दिसत नाही. नियम बरोबर होते, मोजणीचे आकडे वाढत होते, जोडणी होत होती, आणि तरीही पान उघडत नव्हते. ब्राउझरचे चक्र नुसते फिरत राहायचे. मूळ मांडणीत असलेला फास्टट्रॅकचा नियम प्रस्थापित जोडण्यांची पॅकेटे मँगलला वळसा घालून थेट पुढे काढतो. त्यामुळे पहिले पॅकेट खूण घेऊन कॅशेकडे गेले, त्याचे उत्तर आले, आणि पुढची पॅकेटे खुणेशिवाय सरळ बाहेरच्या लाइनवर निघून गेली. उपाय एका ओळीचा आहे: फास्टट्रॅकच्या नियमात ‘कनेक्शन मार्क’ची अट ‘नो-मार्क’ अशी घालावी. मग खूण असलेल्या जोडण्या त्यातून वगळल्या जातात आणि बाकीच्या वाहतुकीचा वेग कायम राहतो.

तुमच्या लाइनवर आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, असेल तर हे सारे नियम त्याला लागू होत नाहीत. यंत्रे आयपीव्ही६ ने परस्पर बाहेर जातात आणि कॅशे रिकामाच राहतो. एक तर त्याचे वेगळे नियम करावेत, किंवा लॅबच्या नेटवर्कपुरते ते बंद ठेवावे.

पडताळणी

ब्राउझरवरून तपासणी करू नये. हल्लीचे ब्राउझर साधा पत्ता दिला तरी आधी एचटीटीपीएसचा प्रयत्न करतात आणि तुमची समजूत चुकीची होते. उबुंटूच्या एका यंत्रावरून भांडारातील एखादी मोठी डेब फाइल कर्ल या आज्ञेने एचटीटीपीवरून उतरवावी आणि कॅशेच्या यंत्रावर ॲक्सेस लॉग ‘टेल -एफ’ने उघडून समोर ठेवावा. पहिल्या वेळी त्या ओळीत ‘टीसीपी-मिस’ दिसेल. दुसऱ्या यंत्रावरून तीच फाइल मागितली की ‘टीसीपी-हिट’ दिसले पाहिजे. आमच्याकडे पहिल्यांदा ती ओळ आली तेव्हा लॅबच्या स्विचवरचे दिवे लखलखत होते आणि बाहेरच्या लाइनचा आलेख मात्र जवळजवळ सपाट होता. काम झाल्याची ही सर्वांत भरवशाची खूण आहे. दुसऱ्यांदाही ‘मिस’च आले तर फाइलीची कमाल मर्यादा, डीएनएस आणि भांडाराचा पत्ता या क्रमाने तपासावे.

राउटर सिस्कोचा असेल तर

तिथे दोन मार्ग आहेत. एक वर सांगितलेलाच: ॲक्सेस लिस्टने पोर्ट ८० निवडून राउट-मॅपमध्ये ‘सेट आयपी नेक्स्ट-हॉप’ला कॅशेचा पत्ता द्यावा आणि लॅबच्या इंटरफेसवर ‘आयपी पॉलिसी राउट-मॅप’ने तो लावावा. दुसरा मार्ग डब्ल्यूसीसीपी या सिस्कोनेच घडवलेल्या प्रोटोकॉलचा. राउटरवर ‘आयपी डब्ल्यूसीसीपी वेब-कॅशे’ आणि लॅबच्या इंटरफेसवर ‘आयपी डब्ल्यूसीसीपी वेब-कॅशे रीडायरेक्ट इन’ एवढ्या दोन आज्ञा पुरतात. स्क्विडमध्ये ‘डब्ल्यूसीसीपी२-राउटर’पुढे राउटरचा पत्ता लिहावा. यात कॅशे स्वतःच दर १० सेकंदांनी यूडीपी पोर्ट २०४८ वर ‘मी आहे’ असे राउटरला कळवतो, आणि ते कळवणे थांबले की राउटर आपोआप वळवणे बंद करतो.

डब्ल्यूसीसीपीत वाहतूक जीआरई बोगद्यातून, म्हणजे एका पॅकेटात दुसरे गुंडाळून, येत असेल तर कॅशेवर तसा बोगदा तयार करावा लागतो, त्या बोगद्यावर आरपी-फिल्टर बंद करावा लागतो, आणि बोगद्याचे २४ बाइट वजा जाऊन पॅकेटची कमाल लांबी १५०० वरून १४७६ वर येते. लहान पाने उघडतात पण मोठी मध्येच अडकतात अशी तक्रार आली, तर पहिला संशय इथेच घ्यावा.

कॅशे बंद पडला तर

मायक्रोटिकवरच्या पिंगच्या तपासणीत एक उणीव आहे. वीज गेली आणि कॅशेचे यंत्रच बंद झाले तर राउटरला ते कळते. पण यंत्र सुरू असून फक्त स्क्विड कोलमडला तर पिंगला उत्तर मिळतच राहते आणि लॅबमधली पोर्ट ८० ची वाहतूक खुंटते. यावर आम्ही केलेला उपाय असा की कॅशेच्या यंत्रावर दर मिनिटाला एक छोटी स्क्रिप्ट ३१२८ या पोर्टवर स्क्विड उत्तर देतो का ते पाहते, आणि देत नसेल तर कर्नलमधील ‘आयसीएमपी-इको-इग्नोर-ऑल’ ही सेटिंग १ करते. यंत्र पिंगला उत्तर देणे थांबवते, राउटर मार्ग काढून घेतो आणि वाहतूक सरळ बाहेर जाऊ लागते. स्क्विड परत उभा राहिला की स्क्रिप्ट तीच सेटिंग ० करते. हे बसवल्यावर स्क्विड मुद्दाम बंद करून पाहावा, आणि बॅच नसलेल्या वेळी पाहावा.

लॅबमध्ये कॅशे आहे आणि त्याच्या लॉगमध्ये यंत्राचा पत्ता व उतरवलेल्या पानाचा पत्ता नोंदला जातो, हे विद्यार्थ्यांना आधी सांगावे. स्क्विड पत्त्यातील प्रश्नचिन्हानंतरचा भाग मुळातच लॉगमध्ये लिहीत नाही. ती सेटिंग तशीच राहू द्यावी. आमच्या लॅबच्या दारावर ही सूचना मराठीत लावली आहे, आणि आत रॅकच्या झाकणावर दुसरा कागद आहे: मँगलचे दोन नियम विनबॉक्समधून कसे बंद करायचे त्याच्या चार ओळी, म्हणजे मी गावात नसलो तरी सकाळच्या बॅचचे शिक्षक वाहतूक पूर्ववत करू शकतात.